कुत्र्याला घेऊन सव्हानाला जायचंय: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात अटलांटा आणि आसपासच्या वाचकांच्या पत्रांत एकच विषय परत परत येत होता, वीकेंडला कुठेतरी जायचंय पण कुत्र्याला बोर्डिंगमध्ये टाकायचं जिवावर येतं, आणि बहुतेकांच्या मनात शहर एकच होतं, जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळचं सव्हाना. म्हणून यावेळी सगळे प्रश्न तिथलेच घेतलेत.

प्रश्न: आम्ही अल्फारेटाला राहतो, मी, नवरा आणि आमचा अडीच वर्षांचा लॅब (लॅब्रॅडॉर), लाडू. शुक्रवारी ऑफिस संपवून निघायचं आणि रविवारी रात्री परत, असा प्लॅन आहे. शनिवारी सकाळी टायबी बीच, दुपारी जुनी घरं आणि म्युझियम, संध्याकाळी रिव्हर स्ट्रीट, रविवारी जे राहील ते. लाडूला पाणी म्हणजे जीव की प्राण. मार्चमध्ये जावं की जूनमध्ये? हॉटेल कसं निवडायचं? जरा सविस्तर सांगा ना.
एक वाचक, अल्फारेटा

उत्तर: आधी टायबीचंच सांगते कारण तुमचा शनिवार त्याच्यावर उभा आहे. टायबी आयलंडच्या बीचवर कुत्र्यांना बंदी आहे, कुठलाही सीझन असो, पहाट असो की रात्र, लीश (हातातली दोरी) लावलेली असो, नाही म्हणजे नाही आणि दंडही होतो. सव्हानापासून ते जेमतेम १८ मैलांवर, त्यामुळे सगळे धरूनच चालतात की कुत्र्याला तिथे नेता येईल, आणि तिथे पोचल्यावर मग एकाने कुत्र्याजवळ थांबायचं, दुसऱ्याने पाण्यात पाय बुडवून यायचं आणि मग उलट, असं होऊन बसतं. त्यात कुणालाच मजा येत नाही.

लाडूला समुद्र दाखवायचाच असेल तर हिल्टन हेडला जा. ते साउथ कॅरोलायनात येतं पण सव्हानाहून तासाभराचा ड्राइव्ह आहे. तिथे मेमोरियल डे ते लेबर डे, म्हणजे मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात, या उन्हाळ्याच्या काळात सकाळी १० ते संध्याकाळी ५ बीचवर कुत्रे चालत नाहीत, त्याच्या आधी आणि नंतर चालतात, आणि ऑक्टोबर ते मार्च दिवसभर चालतात. दुसरा पर्याय जेकिल आयलंड, आय-९५ हायवेने दक्षिणेला साधारण दीड तास, तिथला ड्रिफ्टवुड बीच म्हणजे वाळूत आडवी पडलेली वाळकी झाडंच झाडं, फोटोंसाठी सुंदर आणि लीशवर कुत्रा चालतो, फक्त काही पट्ट्यांत मनाई आहे तिथल्या पाट्या वाचा. पण दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये सव्हाना आणि जेकिल दोन्ही कोंबू नका, लाडूचा अर्धा वीकेंड गाडीत जाईल. समुद्र कुठलाही असो, घरचं पाणी बाटलीत न्या आणि दर थोड्या वेळाने पाजत राहा, लॅब खारं पाणी पितात आणि मग रात्रभर जुलाब होतात, हॉटेलच्या कार्पेटवर ते निस्तरणं काय असतं ते वेगळं सांगायला नको.

आता महिना. जून नको. सव्हानाचा उन्हाळा नुसता गरम नाही, दमट आहे, नव्वदच्या वर फॅरनहाइट आणि घाम वाळतच नाही असा, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, दमट हवेत ते नीट होत नाही. मार्च चांगला, अझेलिया फुललेला असतो, गुलाबी पांढरी झुडपं सगळीकडे, पण १७ मार्चच्या आजूबाजूचा वीकेंड टाळा. सेंट पॅट्रिक्स डेची सव्हानाची परेड देशातल्या मोठ्या परेड्सपैकी आहे, रूम मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव चढलेले, आणि बँड, आरडाओरडा, रस्त्यावर फुटलेल्या बाटल्या, कुत्र्यासाठी ती जागाच नव्हे. मार्चचा शेवट किंवा एप्रिलची सुरुवात पकडा, नाहीतर सरळ ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. वसंतात आणि शरदात संध्याकाळी नदी आणि दलदलीच्या बाजूला बारीक चावणारे किडे असतात, सँड नॅट्स, इथल्या जुन्या बेसबॉल टीमचं नावच ते होतं इतके ते या गावचे आहेत. लाडूच्या पोटावर आणि कानात चावतात, तेवढ्या वेळात तिथून गावात या.

शुक्रवारी ऑफिस संपवून निघू नका. अटलांटाच्या खाली आय-७५ वर स्टॉकब्रिज, मॅकडोना भागात शुक्रवार संध्याकाळी जे तुंबतं ते तुम्हाला माहीतच असेल. एकतर दुपारी दोनच्या आत निघा किंवा शनिवारी पहाटे पाचला. माझं मत पहाटेच्या बाजूने, कारण एक रात्र वाचते आणि लाडू रस्ताभर झोपतो. तुमच्या घरापासून साडेचार तास धरा, मेकनपर्यंत आय-७५ आणि तिथून आय-१६. आय-१६ सरळसोट आणि कंटाळवाणा आहे, एक्झिट लांब लांब, त्यामुळे थांबायचं ते मेकनला आणि मग डब्लिनजवळ असं आधीच ठरवून ठेवा. मागच्या सीटवर हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि सीटबेल्टची क्लिप लावा किंवा क्रेट (पिंजरा) ठेवा, पुढच्या सीटवर मांडीवर नको, एअरबॅग उघडली तर कुत्र्याचं काय होईल विचार करा.

आणि आता खरं सव्हाना. तुमच्या प्लॅनमध्ये मला खटकलं ते हे की सगळा दिवस माणसांच्या वेळेने आखलाय आणि लाडूला त्यात कुठेतरी बसवलंय. उलटं करा. हे शहर कुत्र्याच्या वेळेला इतकं छान बसतं की दुसरीकडे जायची गरजच पडत नाही. १७३३ मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक जेम्स ओगलथॉर्प याने गाव वसवलं तेव्हाच मधे मधे मोकळे चौक सोडले, पुढे त्याच धर्तीवर आणखी झाले, त्यातले २२ अजून आहेत, प्रत्येकात मोठाले लाइव्ह ओक, त्यांच्यावरून लोंबणारा राखाडी स्पॅनिश मॉस, बाक, सावली आणि माती. दर दोन-तीन मिनिटांनी सावलीची नवी जागा आणि नवे वास, लाडूला याहून जास्त काय पाहिजे? मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघा, नदीजवळच्या जॉन्सन स्क्वेअरपासून बुल स्ट्रीट धरा, राइट, चिपेवा, मॅडिसन, मॉन्टेरे असे एकामागून एक चौक येतात आणि शेवटी फोर्साइथ पार्क, ३० एकरांचं, १८५८ चं पांढरं कारंजं. सरळ चाललात तर मैलभरच आहे पण लाडूला वास घेत चालू द्या, दीड तास लागू दे. मॅडिसन स्क्वेअरपासून जोन्स स्ट्रीटला वळून बघून या, विटांचा रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी घरं आणि डोक्यावर झाडांचं छत. चौकांत आणि पार्कमध्ये लीश पाहिजेच, मोकळं धावायचं असेल तर डॅफिन पार्कमधलं हर्टी पाइन्स डॉग पार्क आहे, गाडीने थोडंसं अंतर. एक सावधगिरी, सिटी मार्केटच्या बाजूला घोडागाड्या उभ्या असतात, लाडूने घोडा जवळून पाहिला नसेल तर लीश आखूड धरा.

दुपारी अकरा ते चार रूमवर. एसी, पाणी, झोप, तुम्हीही झोपा. जुन्या घरांत कुत्रा नेता येत नाही, तर सगळी घरं बघायचा हट्ट सोडा आणि एकच निवडा. मी ओवेन्स-थॉमस हाउस निवडेन, १८१९ चं आहे, आणि मालकांच्या दिवाणखान्याबरोबर तिथे गुलामांच्या खोल्याही दाखवतात, हे शहर कुणाच्या कष्टांवर उभं राहिलं ते कळतं. घर ओगलथॉर्प स्क्वेअरलाच आहे, त्यामुळे एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने लाडूला घेऊन समोर सावलीत बसायचं, मग अदलाबदल. गाडीत ठेवून जायचा विचारही नको, बाहेर ७० डिग्री फॅरनहाइट असले तरी बंद गाडीत दहा मिनिटांत नव्वदच्या आसपास जातं.

रिव्हर स्ट्रीट उन्हं उतरल्यावर, आणि सँड नॅट्स चावायला लागले की वर गावात. रस्त्यावरचे गोटे जुन्या जहाजांतून आलेले, ओबडधोबड, माणसाचाही पाय मुरगळतो, तर नदीच्या काठाच्या सपाट फुटपाथवरून चाला. समोरून इतकी प्रचंड कंटेनर जहाजं जातात की बघतच राहावं, पण भोंगा वाजला तर कुत्रा दचकतो, पट्टा मानेतून निसटतो, म्हणून इथे हार्नेस घाला. जमिनीवर चिकनची हाडं पडलेली असतात, लॅबचं तोंड खाली, तुमचे डोळे त्याच्या तोंडावर.

हॉटेलबद्दल एवढंच की वेबसाइटवर पेट फ्रेंडली लिहिलंय म्हणून बुक करू नका, फोन करा. फी एका रात्रीची की पूर्ण मुक्कामाची, परत मिळते की नाही, वजनाची मर्यादा किती, कारण बऱ्याच ठिकाणी लॅब त्यात बसत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुत्र्याला रूममध्ये एकटं ठेवता येतं का. बहुतेक ठिकाणी नाही, आणि मग तुमचं रात्रीचं जेवण बाहेरच्या पॅटिओवरच होणार हे धरून चाला. राहायचं हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्येच, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण दुपारी रूमवर परत येणं हा सगळ्या प्लॅनचा कणा आहे आणि हायवेजवळ स्वस्तात राहिलात तर ते होणार नाही.

प्रश्न: नाशिकहून सासू-सासरे येतायत, आमच्याकडे छोटी बीगल आहे. सासूबाईंना कुत्र्याची भीती नाही पण ती स्वयंपाकघरात आलेली चालत नाही, आणि त्यांचे गुडघे दुखतात. सगळ्यांनी मिळून सव्हाना जमेल का?
एक वाचक, कमिंग

उत्तर: जमेल, पण हॉटेल नको, छोटं घर भाड्याने घ्या, मागे अंगण असलेलं. बुकिंग करताना कुत्रा आहे हे लिहून कळवा, लपवू नका. बरोबर एक बेबी गेट न्या आणि स्वयंपाकघराच्या दारात लावा, सासूबाईंना सकाळी निवांत चहा करता येईल आणि बीगल बाहेर, कुणालाच सारखं हाड हाड करावं लागणार नाही. चार मोठी माणसं आणि कुत्री सेडानमध्ये साडेचार तास बसवू नका, मिनीव्हॅन भाड्याने घ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय लांब करता आले पाहिजेत.

चौकांचा त्यांना फायदाच आहे, दर थोड्या अंतरावर बाक आहेत. तुम्ही बीगलला घेऊन पुढे फिरा आणि आई-बाबा एका चौकात बसू देत, कुणी घाई करत नाही. दुपारी नवऱ्याने त्यांना ट्रॉली टूरवर न्यावं, सगळं गाव बसल्या बसल्या दिसतं, तोवर तुम्ही आणि बीगल घरी. रिव्हर स्ट्रीटला खाली उतरायचे जिने उंच आणि जुने आहेत, त्यांना तिथून उतरवू नका, सिटी हॉलजवळ लिफ्ट आहे. बोनाव्हेंचर सेमेटरी नावाची फार सुंदर जागा आहे, नदीकाठी, ओकच्या रांगा, लीशवर कुत्रा चालतो आणि सगळे जण जा जा म्हणून सांगतात, पण आपल्याकडे कुणी स्मशानात फिरायला जात नाही, सासूबाईंना आधी विचारा आणि त्यांना नको वाटलं तर त्यांना त्याबद्दल काही पटवत बसू नका.

प्रश्न: आम्ही व्हेज आहोत, कुत्र्यालाही घरचाच दहीभात आणि पोळी देतो. बाहेर दोन दिवस काय करायचं? आणि रेस्टॉरंटमध्ये कुत्रा चालतो का?
एक वाचक, शार्लट

उत्तर: आत नाही, बाहेरच्या टेबलांवर बऱ्याच ठिकाणी चालतो, पण जायच्या आधी फोन करून विचारायचं आणि रेस्टॉरंटच्या आतून न जाता पॅटिओवर पोचता येतं का तेही विचारायचं. टेबल कोपऱ्यातलं मागा, वेटर ये-जा करतात त्या वाटेतलं नको.

कुत्र्याचं खाणं घरचंच न्या आणि दोन दिवसांत काही बदल करू नका. दहीभात कूलरमध्ये नीट राहतो. तुमच्या डब्यातलं मात्र देऊ नका, कारण आपल्या प्रवासाच्या डब्यात कांदा-लसूण असतोच, पोह्यांत कांदा, थेपल्यात लसूण, शिऱ्यात बेदाणे, आणि कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे हे सगळं कुत्र्याला विषारी आहे. शुगर फ्री च्युइंग गममधलं झायलिटॉल तर फारच वाईट, पर्स उघडी ठेवू नका.

तुमच्यासाठी ग्रिट्स मागवा, मक्याच्या भरड्याची पेज असते तसं, पण कशात शिजवलंय ते विचारा, कधीकधी मांसाचा स्टॉक असतो. भाज्यांतही, कॉलर्ड ग्रीन्स म्हणजे पालेभाजी म्हणून मागवाल आणि त्यात हमखास डुकराचं मांस निघेल. जॉर्जियात रस्त्याकडेला बॉइल्ड पीनट्स मिळतात, अगदी आपल्या उकडलेल्या शेंगा, मीठ घालून, गरम गरम, त्या सोडू नका. कुत्र्याला त्या नकोत, मीठ फार असतं. आणि ब्रॉटन स्ट्रीटवर लिओपोल्ड्सचं आइस्क्रीम आहे, १९१९ मध्ये सुरू झालेलं नाव, रांग लांब असते, एकाने रांगेत आणि एकाने कुत्र्याबरोबर सावलीत.

प्रश्न: एका मैत्रिणीने सांगितलं की ऑनलाइन सर्व्हिस डॉगचं जॅकेट आणि सर्टिफिकेट मिळतं, ते घातलं की हॉटेल फी लागत नाही आणि कुठेही आत सोडतात. घेऊ का?
एक वाचक, जॉन्स क्रीक

उत्तर: नका घेऊ. अमेरिकेच्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात सर्व्हिस डॉग म्हणजे अपंगत्व असलेल्या माणसासाठी ठरावीक काम शिकवलेला कुत्रा, आधार वाटतो म्हणून जवळ ठेवलेला कुत्रा त्यात येत नाही. आणि कायद्याला असलं सर्टिफिकेट लागतही नाही, त्यामुळे ऑनलाइन विकतात तो नुसता कागद आहे. स्टाफ फक्त दोन गोष्टी विचारू शकतो, हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का आणि त्याला काय काम शिकवलंय. त्या प्रश्नाला तुम्ही खोटं उत्तर दिलंत आणि तुमचा कुत्रा रेस्टॉरंटमध्ये भुंकला, की उद्या दृष्टी नसलेल्या माणसाचा खरा शिकवलेला कुत्रा दारात आला तर त्याच्याकडे संशयाने बघितलं जातं. मला याचा मनापासून राग येतो. पेट फी भरा, ती ट्रिपच्या खर्चात आधीच धरा.

प्रश्न: आमचा पग आहे, आठ वर्षांचा. सुट्टी फक्त जुलैमध्येच मिळते. नेऊ का?
एक वाचक, बर्मिंगहॅम, अलाबामा

उत्तर: माझं ऐकाल तर नका नेऊ. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही, आणि जुलैतल्या सव्हानाची हवा रात्री नऊलाही दमटच असते. आठ वर्षांच्या पगला तिथे नेऊन दिवसभर एसीमध्येच ठेवायचा असेल तर घरी ओळखीच्या माणसाकडे ठेवलेला बरा. जुलैमध्येच आणि बरोबरच जायचं असेल तर दक्षिणेतच पण उंचावर जा, नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलकडे, ब्लू रिजच्या डोंगरात, तिथे सकाळ-संध्याकाळ तरी गारवा असतो.

तरीही गेलातच तर हे लक्षात ठेवा. फुटपाथवर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. जोरजोरात धाप, घट्ट चिकट लाळ, हिरड्या गडद लाल, चालताना झोकांडी, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, पंखा किंवा गाडीचा एसी लावा आणि तसंच व्हेटकडे निघा.

प्रश्न: शहरात फिरण्यापेक्षा आम्हाला आणि आमच्या दोन रेस्क्यू कुत्र्यांना जंगल आवडतं. सव्हानाजवळ काय आहे? मगरींची भीती वाटते.
एक वाचक, मेकन

उत्तर: स्किडअवे आयलंड स्टेट पार्क. शहरातून अर्ध्या तासाच्या आत, खाऱ्या पाण्याची गवताळ दलदल, ओक, पाम, आणि ट्रेल्सवर सहा फुटांच्या लीशवर कुत्रे चालतात. पार्किंगची फी असते. आपोआप लांब-आखूड होणारी रिट्रॅक्टेबल लीश घरीच ठेवा, सहा फुटांचा नियम आहेच पण खरं कारण ॲलिगेटर, मगरीसारखाच प्राणी. या भागात जिथे गोडं किंवा मचूळ पाणी साचलेलं तिथे ॲलिगेटर असू शकतो असंच धरायचं, गोल्फ कोर्सच्या तळ्यातसुद्धा, आणि पाण्याच्या काठाला वाकून पाणी पिणारा कुत्रा त्याला भक्ष्यासारखा दिसतो. काठापासून लांब चाला, पाण्यात चेंडू टाकू नका, पहाटे आणि अंधार पडताना जास्तच जपा. ओहोटीच्या वेळी जो काळा चिखल उघडा पडतो त्यात कुत्र्याला उतरू देऊ नका, पाय रुततात आणि शिंपल्यांच्या धारेने पंजे कापतात.

झाडांचंही बघा. अझेलिया विषारी, कण्हेर विषारी, आणि सगळ्यात वाईट सागो पाम, हे हॉटेलांच्या आणि घरांच्या दारात शोभेला लावलेलं असतं, त्याच्या बिया खाल्ल्या तर लिव्हर निकामी होऊ शकतं. रेस्क्यू कुत्र्यांना काहीही तोंडात घालायची सवय असते म्हणून मुद्दाम सांगतेय. खाल्लंच तर उलटी होतेय का बघत बसू नका, लगेच व्हेटला फोन, किंवा एएसपीसीए या प्राणी-कल्याण संस्थेचं पॉयझन कंट्रोल चोवीस तास चालू असतं, फी घेतात पण योग्य सांगतात.

डासांमुळे इथे हार्टवर्मचं, म्हणजे कुत्र्याच्या हृदयात वाढणाऱ्या जंतांचं, प्रमाण देशात सर्वात जास्त असलेल्या भागांपैकी आहे, महिन्याची गोळी बारा महिने चालू पाहिजे, नुसती ट्रिपच्या आधी देऊन उपयोग नाही. टिक्सचं (गोचिडांचं) औषधही. परत आल्यावर दोघांच्या कानामागे, बोटांच्या मधे, काखेत हात फिरवून बघा. रेबीजच्या लशीचा कागद गाडीत ठेवा आणि त्याचा फोटो फोनमध्ये, हॉटेलवाले मागतात. गळ्यातल्या टॅगवर तुमचा चालू मोबाइल नंबर आहे का, मायक्रोचिपवर जुना पत्ता तर नाही ना, हे निघायच्या आठवडाभर आधी तपासा. आणि सव्हानातलं चोवीस तास उघडं असणारं जनावरांचं हॉस्पिटल घरूनच शोधून, फोन करून ते रविवारी रात्रीही चालू असतं ना हे विचारून, मॅपमध्ये सेव्ह करून मगच निघा, दलदलीच्या भागात फोनला रेंज मधेच जाते.